कानामागची वाट

मराठी भाषेने कानाला जितके राबवले आहे, तितके दुसऱ्या कुठल्या अवयवाला क्वचितच राबवले असेल. मूल ऐकेनासे झाले की आपण त्याचा कान उपटतो. शेजारणीने सासूबाईंचे कान फुंकले की घरात आठ दिवस भांड्याला भांडे लागते. नको असलेल्या वर्गणीकडे आपण कानाडोळा करतो, पाहुणा मुक्काम वाढवण्याची भाषा बोलू लागला की कानांवर हात ठेवतो आणि ऑफिसातल्या बातम्या मात्र कानांत प्राण आणून ऐकतो. या साऱ्या संसारात एक म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो : 'कानामागून आली नि तिखट झाली.' ही म्हण नव्या सुनेविषयी किंवा नव्याने बढती मिळालेल्या कारकुनाविषयी वापरायची असते, अशी माझी समजूत. कानामागून खरोखरच काही येऊ शकते आणि ते येण्यासाठी एका घराला आठ वर्षे वाट पाहावी लागते, हे मला कनेरगाव नाक्याने शिकवले.

कनेरगाव नाका हे माझ्या थोरल्या बहिणीचे सासर. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे गाव. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीपासून वेगळा झाला. त्यामुळे ताईचे लग्न परभणी जिल्ह्यात झाले आणि तिची नातवंडे हिंगोली जिल्ह्यात जन्मली, तीही घराचा उंबरठा न बदलता! गावाच्या नावातला 'नाका' कुठला, असे मी पहिल्या दिवाळसणाला विचारले होते. ताईचे सासरे मोठे रसाळ सांगत. १९४८ पूर्वी इकडे निजामाचा अंमल आणि तिकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. सरहद्दीवर निजामाच्या करोडगिरीचे नाके असत. पोते असो, गाठोडे असो, ते उतरवायचे, उघडून दाखवायचे, जकात भरायची आणि मग पुढे जायचे. "आणि ज्याला भरायची नसेल तो?" मी विचारले. म्हातारबुवा मिशीत हसून म्हणाले, "तो रानातल्या वाटेनं जाई. रस्ता एकच असतो, वाटा पुष्कळ असतात." संस्थान गेले, करोडगिरी गेली, पुढे दोन्ही बाजू एकाच महाराष्ट्रात आल्या, नाव तेवढे राहिले. म्हातारबुवांचे ते वाक्य माझ्या मनात मात्र फार वर्षांनी जागे झाले.

२०१४ साली माझ्या भाच्याला मुलगी झाली. बारशाला मी मुंबईहून गेलो होतो. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, बायकांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सुरू केले होते. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करायला वाकली आणि तशीच थबकली. बाळाचा उजवा कान मुरडलेल्या पाकळीएवढा होता, डावा त्याहून लहान, आणि दोन्हींना भोक नव्हते. घरच्यांना ते जन्मापासून ठाऊक होते. पण नाव सांगायचे कुठे, हा प्रश्न त्या क्षणापर्यंत कुणाला पडला नव्हता. बायकांचे गाणे चाचरले. मग त्या शहाण्या मुलीने बाळाच्या कपाळाला ओठ टेकवले आणि नाव तिथेच सांगितले. कुणी काही बोलले नाही. जेवताना माझी ताई प्रत्येकाला आग्रह करकरून वाढत होती. तिचा आग्रह वाढला की ती रडू दाबते आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पुढची तीन-चार वर्षे सल्ल्यांची गेली. कुणी म्हणाले, मोठे झाल्यावर आपोआप उघडेल. कुणी म्हणाले, सुईने भोक पाडून घ्या. एका मोठ्या गावातल्या डॉक्टरांनी, त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, "मुलगी आहे, केसांत झाकून जाईल," असा दिलासा दिला. दिसण्याचा प्रश्न केसांनी सुटत असेलही. ऐकण्याचा कसा सुटणार, हे त्यांना विचारायचे भाच्याला धैर्य झाले नाही. शेवटी अंगणवाडीत मुले तपासायला आलेल्या पथकातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, "कान बाहेरून बंद आहे म्हणजे आतूनही बंद आहे असं नाही. बेरा तपासणी करून घ्या. आणि उशीर करू नका, बोलणं ऐकण्यातून येतं." बेरा म्हणजे मूल झोपलेले असताना आवाज ऐकवून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत काही हालचाल होते का, हे तारा लावून पाहण्याची तपासणी. ती झाली आणि कळले की पोरीचा आतला कान शाबूत आहे.

इथे थोडे थांबून कानाची रचना सांगितली पाहिजे. आपण ज्याला कान म्हणतो तो खरे तर कानाचा दरवाजा. त्यातून एक बोळ आत जातो, बोळाच्या टोकाला पडदा, पडद्याच्या मागे तीन इवलीशी हाडे आणि त्यांच्याही पलीकडे शंखासारखा वळलेला आतला कान. खरे ऐकतो तो हा शंख. बाकी सारे हमाल. या मुलीचा शंख ठीक होता, पण हमालांचा रस्ताच जन्मतः बुजलेला. असा बोळ बंद असला म्हणजे सुमारे साठ डेसिबलचा तोटा होतो असे डॉक्टर सांगतात. आपले घरातले साधे बोलणेही साधारण साठ डेसिबलचेच असते. म्हणजे हिशेब पाहा : ढोल ऐकू येतो, ट्रकचा भोंगा ऐकू येतो, पण "ये ग बाळ, जेवायला," एवढेच नेमके ऐकू येत नाही.

परंतु पोरीने आपली वाट आपणच शोधली होती. ताई संध्याकाळी देवापुढे दिवा लावून काही गुणगुणू लागली की ती दुडुदुडु येई आणि आपले कपाळ आजीच्या गळ्याखालच्या हाडावर घट्ट दाबून बसे. सारे म्हणत, आजीचा केवढा लळा! लळा होताच, पण त्या लळ्यात विज्ञानही होते. वाचकहो, तुमच्यासमोर फराळाचे ताट असेल तर एक प्रयोग करा. दोन्ही कानांत बोटे घट्ट घाला आणि एक कुरकुरीत चकली खा. (चकली दुसऱ्या कुणीतरी भरवायला हवी, भाऊबीजेचा दिवस असेल तर अडचण पडू नये.) बाहेरचा गलबला मंद होईल आणि चकलीचा आवाज मात्र खाण फोडल्यासारखा ऐकू येईल. तो कानाच्या बोळातून येत नाही. जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून थेट शंखाकडे जातो. आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला की परका वाटतो, त्याचेही कारण हेच. एरवी आपण स्वतःला अर्धे हाडातून ऐकत असतो. आत्याने कपाळावर नाव सांगितले, तेव्हा तिने नकळत योग्य दार ठोठावले होते.

हाडातून ऐकण्याची ही गोष्ट माणसाला जुनीच ठाऊक आहे. सोळाव्या शतकात कार्दानो नावाच्या इटालियन विद्वानाने दातांत धरलेल्या काठीतून आवाज कसा कळतो, हे लिहून ठेवले. बहिरा होत चाललेला बेथोव्हेन पियानोला टेकवलेली काठी दातांत धरून सूर ऐकत असे, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात वेबर आणि रिने या जर्मनांनी कंप पावणारा लोखंडी चिमटा कवटीला टेकवून दोष बोळात आहे की शंखात, हे ओळखण्याच्या युक्त्या काढल्या. आजही कानाचे डॉक्टर त्या वापरतात. विसाव्या शतकात चष्म्याच्या काडीत बसवलेली हाडातून ऐकवणारी यंत्रे निघाली. पण या सगळ्यांत एक खोट होती. यंत्र आणि हाड यांच्यामध्ये कातडी. कातडी मऊ, ती आवाजाचा, त्यातही बारीक सुरांचा, वाटा खाऊन टाकते. पुरे ऐकू यावे म्हणून यंत्र घट्ट दाबावे, तर डोके दुखते आणि कातडीवर वळ उठतात. थोडक्यात, बोळाचा नाका चुकवला तर कातडीची करोडगिरी आडवी येते!

आमच्या पोरीलाही चौथ्या वर्षी असाच एक पट्टा मिळाला. डोक्याभोवती लवचिक फीत आणि तिच्यात कानामागे दाबून बसणारे काडेपेटीहून लहान यंत्र. लहान मुलांसाठी हीच पहिली पायरी असते, कारण त्यांची कवटी पातळ असते. पट्ट्याने पोर बोलू लागली, 'क' आणि 'त' यांत घोटाळा करत का होईना. पण दोरीवरच्या उड्या मारताना तो सरकायचा, उन्हाळ्यात घामाने खाजायचा, आणि वर्गातली कार्टी त्याला 'लगाम' म्हणायची. पोर तो दप्तरात ठेवू लागली. आणि पट्टा दप्तरात गेला की गुरुजींचे फळ्याकडे तोंड वळताच अर्धा धडा भिंतीत जिरे.

२०२२ च्या उन्हाळ्यात भाचा, सूनबाई, ताई आणि पोर अशी सगळी मंडळी मुंबईला माझ्याकडे आली. एका रुग्णालयातल्या शल्यचिकित्सक बाईंनी तासभर बसवून घेऊन तीन वाटा सांगितल्या. पहिली, बुजलेला बोळ कोरून उघडायचा. ऐकायला सरळ, पण चेहऱ्याची नस त्याच वस्तीतून जाते, आणि कोरलेला बोळ पुन्हा आवळत जाण्याची खोड असते. पुष्कळ मुलांत अपेक्षेइतके ऐकूही येत नाही. दुसरी, कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, त्यावर कातडीबाहेर डोकावणारी छोटी खुंटी आणि खुंटीवर यंत्र. तिसरी, यंत्राचा हलणारा भागच कातडीखाली हाडात बसवायचा आणि बाहेरचा भाग लोहचुंबकाने चिकटवायचा. बाहेर खुंटी नाही, रोजची स्वच्छता नाही, पण किंमत अधिक आणि पुढे कधी डोक्याचा एमआरआय करायचा झाला तर चुंबकाची अडचण.

'स्क्रू' हा शब्द ऐकताच ताई उठून उभी राहिली. "काहून? लेकरू आहे का कपाट?" तिने विचारले. "हाडाला भोक पाडायचं आणि त्याच्यात लोखंड ठोकायचं, आणि ते लोखंड जन्मभर डोक्यात घेऊन हिनं सासरी जायचं!" त्या बाईंना असे प्रश्न नवीन नसावेत. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ताईला कानांत बोटे घालायला सांगितली आणि वेबरचा तो चिमटा वाजवून तिच्या कपाळाला टेकवला. ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "बाई ग! डोक्यात घंटी वाजली!" मग बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या नातीला ही घंटी रोज ऐकवायची आहे. आणि ते लोखंड नाही."

ते लोखंड नाही, यातच सारी करामत आहे. १९५२ च्या सुमारास ब्रोनेमार्क नावाचा एक स्वीडिश संशोधक हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशाच्या पायात टायटॅनियमची एक बारीक नळी बसवत होता. काम संपल्यावर महागडी नळी काढून पुन्हा वापरावी म्हटले, तर ती निघेना. हाड तिला येऊन असे बिलगले होते की दोघांत वेगळेपण उरले नव्हते. शरीर परक्या वस्तूभोवती सहसा भिंत उभारते. या धातूला मात्र हाडाने घरचा मानला. १९६५ साली ब्रोनेमार्कने याच्या आधारावर माणसाच्या जबड्यात दात बसवले. १९७७ साली गोथेनबर्गमध्ये शेलस्ट्रॉम या कानाच्या शल्यचिकित्सकाने त्याच्याच साह्याने कानामागच्या हाडात असे स्क्रू बसवून त्यावर ऐकण्याचे यंत्र अडकवले. कातडीची करोडगिरी उठली ती त्या वर्षी.

पण शस्त्रक्रिया तेव्हा मोठी होती. खुंटीभोवतीची कातडी हलली की ती सुजते, म्हणून ती हलूच नये अशी व्यवस्था करत. कातडीखालचा मांसल थर कोरून काढायचा, केसांची मुळे काढायची आणि कातडीचा पातळ पापुद्रा थेट हाडावर बसवायचा. म्हणजे ऐकू येई, पण कानामागे कायमचे टक्कल आणि खळगा. पुढे पापुद्रा उचलायचे खास यंत्र आले. मग एका सरळ चिरेवर काम भागू लागले. २०११ च्या सुमारास स्वीडनमधूनच निराळा विचार आला : मांसल थर मुळी कोरायचाच कशाला? त्याऐवजी खुंटी लांब घ्या आणि कातडीला तिच्या जागी सुखाने राहू द्या. जखम लवकर भरू लागली, केस राहिले, बधिरपणा कमी झाला. त्यानंतर तर मोठ्या माणसांत चीरही न देता पाचेक मिलिमीटरचे गोल भोक पाडून, त्यातून नळी घालून काम उरकू लागले. आधी स्क्रू बसवल्यावर तीन महिने थांबून यंत्र लावत. आता मोठ्या माणसांना काही आठवडे पुरतात. पंचेचाळीस वर्षांत शल्यचिकित्सक काय शिकले, तर कमी कापायला. मला वाटते, पुष्कळ धंद्यांत प्रगती याच दिशेने होत असावी.

मुलांच्या बाबतीत मात्र अजून घाई करत नाहीत. पाच वर्षांच्या आत स्क्रू बसवण्याचे बहुधा टाळतात, आणि बसवायचा तर बरेच जण तो दोन टप्प्यांत बसवतात. आमच्या पोरीच्या कवटीचे आधी सीटी स्कॅनने माप घेतले. जागा ठरवताना बाईंनी आणखी एक दूरचा विचार केला. पुढे ती मोठी झाल्यावर फासळीच्या कूर्चेतून कानाची पाळी घडवायची झाली तर तिथली कातडी कोरी राहिली पाहिजे, म्हणून स्क्रू नेहमीपेक्षा जरा मागे सरकवला. पुढच्या डॉक्टरसाठी जागा राखून ठेवणारा डॉक्टर पाहिला की मला पुढच्या प्रवाशासाठी सरकून बसणाऱ्या माणसाची आठवण होते.

शस्त्रक्रिया कशी झाली, ते बाईंनी भाच्याला कागदावर काढून दाखवले होते आणि भाच्याने तो कागद मला दाखवला. पोरीला पूर्ण भूल. छोटी चीर. मग तीन मिलिमीटर खोलीची सुई. भोक पडले की तळाशी अजून हाड लागते का हे चाचपायचे. लागले तरच चार मिलिमीटरपर्यंत जायचे. त्याच्या खाली मेंदूचे आवरण असते, म्हणून हे चाचपणे सगळ्यांत महत्त्वाचे. ड्रिल मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेते आणि सगळा वेळ त्यावर मिठाच्या पाण्याची धार धरतात. कारण हाड तापता कामा नये. ते सत्तेचाळीस अंशांपर्यंत मिनिटभर तापले तरी दुखावते आणि दुखावलेले हाड धातूला धरत नाही. मग स्क्रू. त्याला हातमोज्याचाही स्पर्श करायचा नाही, त्याच्याच पकडीतून तो उचलायचा आणि अगदी सावकाश, ठरल्या जोराने फिरवायचा. मुलांचे हाड मऊ, म्हणून जोर आणखी कमी. मुगाच्या दाण्याएवढा तो स्क्रू. त्याच्या शेजारी तसाच दुसरा, राखीव. मुलांत पहिला सैल होऊन निघण्याचा धोका मोठ्यांपेक्षा अधिक असतो, म्हणून ही तरतूद. वरून कातडी शिवून टाकली.

हे सारे ऐकून माझ्या लक्षात आले की यातला अवघड भाग शस्त्रक्रियेचा नव्हेच. अवघड भाग नंतरचा. सहा महिने थांबायचे. या काळात डॉक्टर काही करत नाही, आई-बाप काही करत नाहीत. हाड तेवढे करते. शिवलेल्या कातडीआड, अंधारात, ते कणाकणाने धातूला बिलगत जाते. घाई केली, यंत्र आधी लटकावले, पोर आपटली, तर सारे फुकट. ताईने त्या सहा महिन्यांत पोरीला दोरीवर उडी मारू दिली नाही की आंब्याच्या झाडाजवळ फिरकू दिले नाही. "आतमध्ये मुळ्या धरायल्यात," असे ती शेजारणींना सांगे. ज्या बाईने आयुष्यभर हळदीचे बेणे लावले, तिला हे शास्त्र समजायला वेळ लागला नाही. स्क्रूला विरोध करणारी ती, तिनेच त्याची राखण केली.

दिवाळीच्या सुट्टीत दुसरा टप्पा झाला, खुंटी बसली, आणि काही आठवड्यांनी यंत्र. बाईंनी टकदिशी ते खुंटीवर अडकवले आणि चालू केले. माझी अशी अपेक्षा होती की पोर आता आनंदाने टाळ्या वाजवील. ती कपाळाला आठ्या घालून इकडेतिकडे पाहू लागली. पंखा, पाण्याचा नळ, बाईंच्या टेबलावर कागद सरकल्याचा आवाज. पट्ट्यातून हे तिला कधी इतके स्वच्छ आले नव्हते. मग भाच्याने नेहमीच्या पट्टीत विचारले, "कसं वाटतंय ग?" तशी ती दचकून म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढ्या मोठ्यानं का बोलता?" त्या खोलीत एकदम शांतता पसरली. आठ वर्षे ते सारे घर ओरडून बोलत आले होते. भाच्याच्या खताच्या दुकानात नवी गिऱ्हाइके त्याला तापट समजत. तो कुणावर रागावत नव्हता, त्याचा गळाच लेकीच्या कानाच्या मापाने वाढला होता. अजूनही तो मला टेलिफोन करतो तेव्हा मी यंत्र कानापासून वीतभर लांब धरतो.

सगळे छान झाले, असे सांगून मी वाचकांची दिवाळी गोड करू शकतो. पण ते खरे होणार नाही. खुंटीभोवतीची जागा रोज मऊ ब्रशने धुवावी लागते. दोन पावसाळ्यांत तिथे लाल होऊन चिघळले, एकदा मलम लागले, एकदा मुंबईची फेरी. यंत्र एकाच बाजूला आहे, त्यामुळे आवाज कुठून आला हे तिला चटकन कळत नाही. रस्ता ओलांडताना ही गोष्ट साधी नाही. अंघोळीला आणि झोपताना यंत्र काढायचे, की पुन्हा ती जुन्या शांततेत. बॅटरी संपली की धडा संपला. आणि पैसा! शस्त्रक्रिया आणि यंत्र मिळून काही लाखांचा मामला. थोडा हात एका धर्मादाय संस्थेने दिला, बाकीचे घरातून गेले. भाच्याने वरचा मजला बांधायला काढला होता. त्याच्या गच्चीवर आजही सळया आभाळाकडे तोंड करून गंजत उभ्या आहेत. मी एकदा त्याकडे पाहिले, तर तो म्हणाला, "मामा, घरावरचं लोखंड तसंच राहिलं. पण जिथं बसवायचं होतं तिथं बसलं." मी त्याला 'ते लोखंड नाही' असे सांगत बसलो नाही.

दुसऱ्या बाजूचे काय, हा प्रश्न घरात अजून मिटलेला नाही. ताईचे म्हणणे, एकावर भागते आहे, लेकराला पुन्हा का कापायचे? भाच्याचे म्हणणे, रस्त्याने ट्रक दोन्ही बाजूंनी येतात. सूनबाई काही बोलत नाही, पण भिशीचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवते. पोर आता मोठ्या शाळेत जाते. तिला परवा मी विचारले, तर म्हणाली, "आजोबा, मला ठरवू द्या. डोकं माझं आहे." मला ते उत्तर आवडले. ज्या मुलीला जेवायची हाक ऐकू येत नव्हती, ती आता मोठ्यांना गप्प करू लागली आहे. कानामागून आली नि तिखट झाली ती हीच!

मुंबईपासून शेकडो मैलांवर, सोयाबीनच्या आणि हळदीच्या मुलखात, बंद कान घेऊन जन्मलेले किंवा कान फुटून वाहात असलेले मूल आणखीही कुठल्या घरात असेल. वाहत्या कानाची गत तशीच. बोळात साधे यंत्र कोंबले की तो अधिकच चिघळतो, आणि अशांनाही हाडातली ही वाट कामी येते. परंतु तिथपर्यंत पोचायला लागणारी पहिली गोष्ट मुगाच्या दाण्याएवढी नाही आणि लाखांचीही नाही. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तर 'मोठे झाल्यावर बघू' असे न म्हणता ते आजच तपासून घ्यायचे, एवढीच ती आहे. अंगणवाडीतल्या त्या तरुण डॉक्टरीणबाई पुन्हा कुणाला भेटल्या नाहीत. त्यांची बदली कुठे झाली, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. त्या जिथे असतील तिथे, एखाद्या बापाला बाजूला घेऊन हळू आवाजात तेच वाक्य सांगत असतील, अशी माझी खात्री आहे.